डावीकडची रिकामी जागा

अर्सीच्या पठारावर, जवाच्या शेतांमध्ये,
माल्टचा कारखाना. भट्टीपाशी भिंतीवर एक पडदा,
दोन वह्यांएवढा, जर्मनीहून आलेला,
आणि त्याच्यासमोर लाकडी स्टुलावर गेबेयेहू,
चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.

मी अदामाहून आलो होतो लॅपटॉप घेऊन
आकड्यांचे कपडे बदलायला.
तेच माझं काम. आकडा आत उघडाच असतो,
तारेतून येतो थरथरत;
त्याला किती घरं, टिंब कुठे,
पुढे शून्य लावायचं की नाही,
एवढंच मी ठरवतो.

पडद्यावर होतं ८५,०००
हे किती, मी विचारलं.
पंच्याऐंशी हजार, लेंसा म्हणाली. नवीन होती.
गेबेयेहू म्हणाला, नुसते पंच्याऐंशी.
स्वल्पविराम आहे तो, आकडा तिथे दम खातो,
पुढची तीन शून्यं उगाच बसून राहतात
जेवण झालेल्या पाहुण्यांसारखी.
मी टिंब दिलं, दोन शून्यं उठवली.
८५.०
लेंसाने वहीतलं प्रश्नचिन्ह खोडलं.

आता डावीकडे एक घर जास्त ठेव, तो म्हणाला.
भट्टी शंभरावर जातच नाही, कागदात तसं आहे, मी म्हणालो.
तो उठला. कपाटातून काचेची बरणी काढली,
आत कोळशासारखे दाणे.

तीन वर्षांपूर्वीची रात्रपाळी. पडद्याला दोनच घरं.
एकशे चार आले तेव्हा एक बाहेर राहिला, दाराशी,
आणि पाळीवर आलेल्या गेबेयेहूला दिसले
०४
भट्टी निवली समजून त्याने वाफ वाढवली.
सकाळी गावाला वाटलं, कुणाकडे तरी लग्न आहे,
केवढी ही कॉफी भाजतायत.

हातचा एक विसरलो की मास्तर छडी मारायचे,
तो बरणी हलवत म्हणाला,
इथे यंत्र विसरलं आणि पगार माझा कापला.
मी तीन घरं दिली.
मग, काही न बोलता, चौथं.

तारीख राहिली होती.
यादीत महिने बारा, आणि आम्ही मोजतो तेरा.
शेवटचा पागुमे, पाच दिवसांचा, चौथ्या वर्षी सहा,
भांड्याला उरलेल्या पिठाची
शेवटची लहान इंजेरा.
तो लिहिला की पडदा लाल होतो : दिनांक अवैध.
त्या दिवसांचा सगळा माल
दरवर्षी सप्टेंबरच्या नावावर चढतो.
घड्याळाचंही तेच. सूर्य वर येऊन तास झाला
की आमचा एक वाजतो, पडद्याचे सात.

दुपारभर वजाबाक्या लिहीत बसलो.
तासातून सहा. वर्षातून सात, काही महिने आठ.
बारा संपतात तिथे एक बुटकं दार.
अस्नाकेचने तीनदा कॉफी आणली,
तिसरी पातळ, असते तशी.

झालं, मी म्हणालो, टाकून बघा एखादी तारीख.
सगळे आजची टाकतात.
त्याने एका बोटाने, घरं शोधत शोधत, टाकली
पागुमे ३, आणि वर्ष
कारखाना बांधण्याच्या कितीतरी आधीचं.
पडदा लाल झाला नाही.
तो बघत राहिला.
लेंसा भट्टीचं दार तपासायला गेली,
तिथे तपासण्यासारखं काही नव्हतं.
मग त्याने बाहीने काच पुसली
आणि ‘मागे’ दाबलं.

परतीच्या बसमध्ये, निलगिरीची रांग सरत असताना,
आठवलं की वजा चिन्हाला जागाच ठेवली नाही.
हिदारच्या पहाटे भिजवणीच्या टाक्या
शून्याच्या खाली उतरू बघतात.
फोन लावला. पलीकडे पंख्यांची घरघर.

हिदारला अडीच महिने आहेत, गेबेयेहू ओरडून म्हणाला,
नाही जमलं यायला तर
मी खडूने काढीन.