गडरलाईनचे पाईप

चार वर्षं झाले, मैदानाच्या कडेले
अकरा पाईप पडून आहेत सिमेंटचे.
गडरलाईन येणार होती.
पाईप आले, लाईन नाई आली.
तेव्हापासून तेच आमची गॅलरी.

तिसऱ्या पाईपावर मी बसतो.
डावीकडं ढोमणे मास्तर, उजवीकडं छत्री.
छत्री उन्हाची. मार्चमंदी
हे पाईप असे तापते का विचारू नका,
मास्तर पेपर अंथरून बसते,
उठले का बातम्या पाठीमागं छापलेल्या.

बिनाकी मित्र क्लब, आमची टीम.
दुसऱ्या डिव्हिजनमंदी सतरा वर्षं.
वर जात नाई, खाली बी पडत नाई,
आमच्या नळाच्या प्रेशरसारखी.
कीपर सायमन एटीएममंदी नोटा भरते दिवसभर,
रविवारी तो वाकतोवर बॉल जाऊन येते.
तरी म्या शिवी नाई दिली कधी त्याले.
(एकदा दिली. त्याची माय मागंच बसून होती.)

रस्ता सिमेंटचा झाला, दीड फूट वर गेला,
मैदान तिथंच राह्यलं.
मायं घर बी तिथंच राह्यलं.
पहिले तीन पायऱ्या चढून घरात जायचो,
आता एक उतरून जातो.
पाणी आमच्या आधी उतरते.
कॉर्नरवर तं पंधरा दिवस डबकं,
बॉल ठेवला का तरंगते.

अन् थंडीत मैदान लग्नाले देते.
मंडप निघते, खड्डे राह्यते.
आमचा तौसिफ गुडघा फोडून घेतला असाच,
कोणाच्या लग्नाचा खड्डा, ते बी माहीत आहे आमाले,
जेवलो होतो आम्ही सगळे तिथं.

सात अर्ज दिले म्या या पाईपांसाठी.
झोनमंदी, वार्डात, एकदा जनता दरबारात
टोकन नंबर दोनशे बारा.
बायको म्हणते, घरच्या नळाले वॉशर नाई बसवत
अन् गावच्या गडरीचे अर्ज लिहिते हा माणूस.
खरं आहे. टपकून राह्यला नळ अजून.

काल कामठीची टीम होती.
कामठीचे पोट्टे म्हणजे, जाऊ द्या.
हाफटाइमले शून्य-दोन.
सत्तराव्या मिनिटाले रस्त्यावरून
पिवळा जेसीबी उतरला हलत डुलत,
मागं ट्रक, अन् फाईल घेऊन एक कोवळा इंजिनियर.
"शेषराव नंदेश्वर कोण?"
म्या हात वर केला, शाळेतल्यासारखा.
"तुमची तक्रार निकाली काढायची आहे."
म्हटलं, आत्ता?
म्हणे, आज तीस तारीख. महिना संपते.

सगळी गॅलरी मायाकडं पाहून राह्यली,
जशी पेनल्टी मीच चुकवली.
ढोमणे मास्तर पेपर घडी करत म्हणाले,
"तू होता काय तो."

पहिला पाईप उचलला. दुसरा उचलला.
तेवढ्यात आमाले कॉर्नर भेटला,
अन् जेसीबीवाल्यानं इंजिन बंद केलं.
"साहेब, कॉर्नर होऊ द्या,"
म्हणे, अन् टपावर चढून बसला.

तौसिफनं डबक्यातून लाथ हाणली,
अर्धं पाणी, अर्धा बॉल.
टप्पा पडला नेमका त्याच लग्नाच्या खड्ड्यात,
बॉल वाकडा झाला,
कामठीचा कीपर गेला डावीकडं,
बॉल गेला जाळीत.
इंजिनियरनं बी टाळ्या वाजवल्या, फाईल काखेत धरून.

हरलो. एक-दोन.

सहा वाजतोवर दहा पाईप ट्रकात.
खालून निघाले फल्लीचे टरफलं,
ढोमणे मास्तरची चष्म्याची डबी,
अन् एक जुना बॉल, हवा गेलेला.
लाईन टाकणार कधी, विचारलं.
म्हणे, ते दुसऱ्या खात्याकडं आहे.
हे पाईप दुसऱ्या वार्डात चालले.

म्हटलं, साहेब, तिसरा तेवढा राहू द्या.
म्हणे, तसा अर्ज द्या, उद्या दुपारपर्यंत.

रात्रीचे अकरा. नळ टपकून राह्यला.
आठवा अर्ज लिहून राह्यलो.
विषय: एक पाईप न उचलणेबाबत.