पुकारा

नियम असा आहे की तीनदा पुकारायचं.
दारात उभं राहून, तोंड व्हरांड्याकडं,
अर्जदाराचं नाव, बापाचं नाहीतर नवऱ्याचं, मग गाव.
तिसऱ्या हाकेला कुणी उठलं नाही
तर आत सांगायचं, गैरहजर.
बाबू लिहितो, शाईचा डबा कोरडा असला तर त्यावर फुंकर घालतो,
शिक्का.
अपील निकाली.

एकवीस वर्षं झाली, परभणीत मी हेच करतोय.
पाटीवर आधी अपंग होतं, आता दिव्यांग आहे.
बाकडी तीच.

प्रयागबाई सोपान कच्छवे, मुक्काम पिंगळी.
तीन हाका दिल्या.
ती समोरच होती, नळाजवळच्या बाकड्यावर,
पिशवीतनं एकेक कागद काढून मांडीवर सरळ करत,
राशनकार्डाची झेरॉक्स, फोटो दोन,
आणि छत्तीस टक्क्यांचा दाखला.
चाळीस लागतात.
चाळीस भरले की निराधारचे पैसे चालू.
मला काय ठाऊक ती कशाची आहे.
आत जाऊन सांगितलं, गैरहजर.

जेवणाच्या सुट्टीत ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली
अन् केवढ्यांदा म्हणाली, "माजा लंबर कवा?"
व्हरांडा गपकन गार.
ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही
तो असाच बोलतो,
त्या बांधावरनं ह्या बांधावर शब्द फेकल्यासारखा.

नोटिशीवर छापलेलं असतं, सुनावणीस हजर राहावे.
सुनावणी.
हजारदा म्हणालो असेन हा शब्द,
त्या दिवशी पहिल्यांदा दातात अडकला.

छत्तीस कसे झाले ते नंतर तिच्या पुतणीनं सांगितलं.
काचेच्या खोलीत कानाला डबडी लावून बसवलं,
आवाज आला की बटण दाबा.
हिला खुणेवरनं एवढंच कळलं की बटण दाबायचंय.
काचेपलीकडच्या पोरीनं मान वर केली की ही दाबायची.
पोरगी गुणाची होती, सारखी बघायची.
तिचं मन कशाला मोडा,
म्हणून हिनं बटण दाबलं, दाबलं, दाबलं.

बाबूच्या विनवण्या करून मी पुन्हा तारीख काढली.
तिला तीन बोटं दाखवली, तीन बुधवार.
तिनं तीन बोटं मुठीत धरली, तशीच घरी नेली.

ह्या बुधवारी मी दारात थांबलो नाही.
चालत गेलो, तिच्यापुढं उकिडवा बसलो,
तोंडासमोर तोंड धरून
ओठ पार ताणून म्हणालो,
प्र या ग बा ई.
ती हसली.
पदर सारखा केला, चपला बाहेर काढल्या, आत गेली.

दार उघडंच होतं.
मधल्या साहेबांनी मान वर न करता म्हटलं,
"पहिल्याच हाकेला उठली की ही."
अन् बाबूनं लिहून घेतलं,
अर्जदार हाक ऐकून उठून आली.

मी म्हणालो, साहेब...
साहेब म्हणाले, पुढचं नाव.
शिपायाला काय दिसलं
ह्याचा रकाना त्या नमुन्यात नाही.
माझा डावा कान दोन वर्षांपासून बसलाय,
त्याचाही नाही.

पुढचं नाव पुकारलं. कुणाचं, ते आठवत नाही.

चारच्या एसटीला ती निघाली.
फाटकाशी वळली, अन् अख्ख्या आवाराला ऐकू जाईल असं,
"आता कवा येऊ?"
तिच्या पिशवीतल्या कागदावर लिहिलं होतं,
निर्णय यथावकाश कळविण्यात येईल.
यथावकाशला बोटं किती धरायची?
मी हात नुसता वर केला.
तिला वाटलं, निरोप देतोय.
तिनंही केला.