सौची लाइन

सुदामानगरात आमच्याकडे सौची लाइन येते.
खोक्यापाशी उभं राहिलं तर ब्याण्णव,
मधल्या खोलीत चाळीस,
माझ्या पलंगावर, गव्हाच्या पलीकडे,
तीन.

हे मोबाइल थर्मामीटरसारखा धरून फिरतात,
भिंतीवर पेन्सिलीने आकडे टाकतात,
शाल्मलीची उंची लिहायचो त्याच्या शेजारी.

कंपनीचा दुर्गेश आला.
चहात टोस्ट बुडवत म्हणाला,
“लाइन में कोई दिक्कत नी है भिया,
दिक्कत गेहूँ में है.”

चार कट्टे लोकवन, एकावर एक, बोळ बंद.
म्हटलं, वर्षाचं आहे, हलणार नाही.
तुमचं खोकं हलवा.
खोकं हलेना, तार आखूड.

मग आम्ही खात बसलो.
दिवाळीपर्यंत दोन संपले: अकरा.
संक्रांतीनंतर पोरीचे ओठ
आवाजाच्या मागे पडेनासे झाले.
होळीला शेवटचा कट्टा झटकला,
आणि तिकडे डब्लिनात
तिच्या कपाळावरचा कांजिण्यांचा वण दिसला मला,
डोळ्यांखालचं काळंही.

“झोपत नाहीस का गं?”
“नेटवर्क खराब आहे आई, म्हणून तसं दिसतं.”

एकोणसाठ होतं तेव्हा.
मी आधीच बघून ठेवलं होतं.
बोलले नाही.

परवा देपालपूरहून नवा गहू आला.
हमाल पाठीवर कट्टा घेऊन दारात,
हे माझ्याकडे बघतायत.

विकतच्या पिठाला आजवर
मी काय काय नावं ठेवली आहेत!
म्हटलं, एकच उतरव रे बाबा,
बाकीचे परत ने.