अंगठा

निवडणूक लागली तेव्हा अण्णांनी रायफल ठाण्यात जमा केली,
शिक्क्याची पावती पाकिटात ठेवली, नातवाच्या फोटोमागे.
निकाल लागला, रस्त्यावरचा गुलाल धुऊन गेला,
अण्णाही गेले.
मालखान्यातून पोतं सोडवायला मी गेले:
वारसाचा दाखला, लायसनची बदली, चार खेपा.

पोत्यातून निघाली ती तांबूस.
बोल्ट ओढला तर खरखरला,
दम्याच्या माणसानं स्वतःचं नाव सांगावं तसा.

भावानं पॉलिश पेपर काढला.
दोन बोटं जागा घासली, ती पांढरीफटक पडली,
तेव्हा मी त्याचा हात धरला.
तेवढ्यानंच, पुढे कळलं,
कोल्हापूरच्या गिऱ्हाइकानं वीस हजार उतरवले.

मिरजेत दस्तगीर शिकलगार.
पणजोबा तलवारींना पाणी द्यायचे,
हा कोयते लावतो, कात्र्या, दवाखान्यांतली हत्यारं.
आधी लायसन वाचलं.
मग बोल्ट काढून नळी उजेडाकडे धरली: रिकामी.
मग विचारलं, "कुणी खरवडलं हे?"
मी भावाचं नाव सांगितलं नाही.

"लाल गंज जिवंत असतो, ताई. काळा झोपलेला.
जिवंत तेवढा उचलायचा."

शिलाई मशीनचं तेल थेंबथेंब सोडलं
आणि चहा मागवला.
तेल गंजाखाली शिरेपर्यंत
शेजारच्या दुकानात कुणी एकच तार जुळवत राहिलं,
चढवून, उतरवून.

गल्ल्यातून त्यानं काढला भोकाचा पैसा, तांब्याचा.
"तांबं पोलादाहून मऊ. गंज निघतो, निळाई राहते."
आडवा धरून, दाब न देता,
तान्ह्याच्या टाळूवरची खपली तेल लावून काढतात तसा
फिरवत राहिला.
चिंधीवर तपकिरी पाणी. पुन्हा तेल. पुन्हा पैसा.
खालून आकडे वर आले, नळीवर जे तेच बोल्टवर.
"जुळतंय," म्हणाला, पत्रिका बघितल्यासारखा.

लाकडाला नुसतं जवसाचं तेल, तेही तळहातानं.
दस्त्यावरचा ओरखडा बुजवता का, मी विचारलं.
"राहू द्या. नवी दिसली की लोक खोटी समजतात."

मग थांबला.
बोल्टच्या मुठीपुढे, नळी सुरू होते तिथे
एक डाग हलत नव्हता.
भिंग माझ्या हातात दिलं.
गोल रेषा, एकात एक,
आणि मधून आडवा गेलेला व्रण,
ऊस तोडताना लागलेल्या कोयत्याचा.

अण्णा हात लावला की पुसून ठेवायचे. चाळीस वर्षं.
त्या दिवशी ठाण्यात रांग होती, वैशाखाचं ऊन होतं,
मागून कुणी "चला, चला" म्हणालं असेल.
घाम तसाच राहिला.

"निघेल," दस्तगीर म्हणाला, "पण खोल जावं लागेल, निळाई जाईल.
ठेवला तरी गिऱ्हाईक कुरकुरणार."

लाल आहे की काळा?
त्यानं पुन्हा भिंग धरलं, बराच वेळ.
"कडेला लाल आहे जरासा. आत काळा."

"कडेचा काढा."

शेवटी मेणाचा पातळ हात दिला,
मजुरी तीनशे घेतली, पैसा परत गल्ल्यात.
"खोळीत ठेवू नका, खोळ ओल धरते."

घरी कपाटात उभी केली, कुलूप लावलं.
जिना उतरताना आठवलं,
ठेवताना नळीला धरलं होतं मी.
परत वर गेले. चिंधी घेतली.
माझा पुसला,
त्यांच्या शेजारचा.