लांबी

आमच्या धंद्यात पुट्टीला लांबी म्हणतात.
का, ते कुणालाच ठाऊक नाही.
मापायची लांबी वेगळी, लावायची वेगळी;
या एका कामाला मला दोन्ही लागल्या.

बोरीच्या पुलाखाली माझं गॅरेज. डेंटिंग, पेंटिंग.
गाड्या येतात कुणाकुणाच्या चुका घेऊन,
जातात कोऱ्या चेहऱ्याने.
शेवंती तारी आली ती गाडी न घेता.
पिशवीत एक फोटो, भिजून सुकलेला:
'सातेरी प्रसाद', सावर्डे ते मुरगाव, खनिज भरलेली बार्ज,
आणि सुकाणूशी तिचा गुणो, तिळाएवढा.
"ल्हान करून दे," म्हणाली. "कपाटावर मावेल एवढी.
पण तरंगली पाहिजे."

कपाट मोजलं. सव्वा मीटर. ही पहिली लांबी.

बरगड्या प्लायवूडच्या, वर सावरीच्या पट्ट्या,
आणि पट्टीपट्टीत फटी,
अशा की पलीकडचा पंखा फिरताना दिसावा.
भरायचं कशाने?
लाकडाची पुट्टी हाताला मऊ, वासाला सभ्य,
पण रंगाला केसभर चीर गेली
की पाणी पिऊन फुगते.
रुझार मेस्त, ज्याने जन्मभर होड्यांत काथ्या ठोकला,
म्हणाला, राळ आणि भुसा, दुसरं काय?
पण राळ घासताना कागदच गिळून बसते.
इपॉक्सी उत्तम. तिची किंमत ऐकून
मीच घट्ट झालो.
शेवटी माझीच, मोटारीची, राखाडी,
जिचा डबा उघडला की शेजारीण खिडकी लावते.
खोड एकच: जड.
जाड थर दिला तर बोट नव्हे, वरवंटा.

सुपारीएवढ्या लांबीला वाटाण्याएवढं लाल हार्डनर
असं डब्यावर लिहिलंय.
एप्रिलच्या बोरीत वाटाण्याचा मसूर करावा लागतो,
नाहीतर पात्यावरच दगड.
काचेवर कालवायची, हवा न कोंडता,
एका ओढीत पसरायची, आणि मागे फिरायचं नाही.
अर्धी सुकल्यावर बोट लावलं की सालपटं काढते.
मग अंगभर पेन्सिलीच्या रेघा,
ठोकळ्यावर कागद: ऐंशी, दोनशे वीस, ओला चारशे.
रेघ उरली तिथे खड्डा.
मग डोळे मिटायचे.
डोळ्यांना चकवणारे रंग पुष्कळ निघालेत,
तळहाताला चकवणारा अजून नाही.

नऊ दिवस. माशी घसरावी इतकी गुळगुळीत.
खाली तांबडी, वर काळी. टाकीत सोडली, सरळ राहिली.
शेवंती आली, बोटीभोवती एक फेरी मारली,
डाव्या गालापाशी थांबली.

"तो पोचो खंय?"

फोटोत होता तो. मी सावली समजलो होतो.
शहाण्णव साली, कुठ्ठाळीच्या धक्क्यावर, धुक्यात,
गुणोने ठोकली होती. मालकाने पगार कापला.
महिनाभर पेज आणि गालमो.
पुढे दर रंगाच्या वेळी कामगार विचारायचे, भरूया?
गुणो म्हणायचा, "राहू दे. विकत घेतलाय मी तो."

वीस वर्षं पोचे भरले,
घालायचा कसा, कधी शिकलो नव्हतो.
चमच्याच्या पाठीला कागद गुंडाळून बसलो.
आणि खरं सांगायचं तर, तिथेच, डाव्या गालावर,
माझ्या दोन पट्ट्या आत बसल्या होत्या;
तिथेच थर सगळ्यात जाड.
खरवडत गेलो, तसतशी माझी चूक वर आली
आणि त्याच्या चुकीच्या मापाची निघाली.

शेवंतीने अंगठा टेकवून पाहिला. मान हलवली.
पैसे मोजून दिले, शंभराच्या नोटा, ओलसर.

नेण्याआधी पुन्हा टाकीत सोडली
तर उजवीकडे कलली, जेमतेम.
जाळ्याचं एक शिसं आत, डावीकडे चिकटवलं.
ते तिला सांगितलं नाही.