उलटे आकडे

सोनकुसरे मॅडमना आणलं तेव्हा मे महिना होता,
मेडिकलची दुपारची ओपीडी,
कूलरची ताटी नवीन, खोलीभर वाळ्याचा वास.
सोबत मुलगी, पदराला बांधल्यासारखी फाईल.
पत्ता: टिमकी.
तो आता आईला वाचून दाखवावा लागतो, म्हणाली,
आईच्याच घराचा.

एकतीस वर्षं त्या याच टेबलाच्या
माझ्या बाजूला बसल्या.
आज त्या बाजूला.
स्टॉपवॉच अजून त्यांचंच आहे,
मागे नेलपॉलिशचा ठिपका, कोणी चोरू नये म्हणून.

मी सुरू केलं: पाच, दोन, आठ…

"काहून रे, घाई करून राहिला?
एका सेकंदाला एक आकडा.
शेवटच्या आकड्यावर आवाज पाडायचा नाही,
पोराला कळते, संपलं म्हणून.
अन् आधी तो कूलर बंद कर बाप्पा,
आकडे ऐकू आले पाहिजेत."

बंद केला.
दोन मिनिटांत फॉर्म मनगटाला चिकटायला लागला.
त्या बोटाने टेबलावर ठोका देत होत्या,
बापाच्या मागाचा, म्हणाल्या,
घड्याळ नव्हतं तेव्हा मी त्याच्यावरच मोजत होती.

पाच, दोन, आठ, तीन…
मी इथवर आलो आणि त्यांनी उलटे म्हणायला घेतले,
मी अजून न उच्चारलेल्या आकड्यांपासून:
सहा, एक, नऊ, तीन, आठ, दोन, पाच.
बरोबर.
पुढची ओळ, बरोबर.
त्याच्या पुढची, मी तोंडही उघडलं नव्हतं.

आता याला गुण द्यायचे की नाही?
पुस्तकात लिहिलं आहे, चाचणी आधी माहीत असेल तर
निकाल धरू नये.
किती माहीत, ते लिहिलेलं नाही.
एखादीला फक्त चाचणीच माहीत उरली असेल तर,
तेही नाही.

"आज तुम्हाला इथे कोणी आणलं?"
त्यांनी मुलीकडे पाहिलं, नीट, चष्मा पुसून.
"ह्या बाई आल्या होत्या. चांगल्या आहेत."
मुलीने खिडकीबाहेर पाहिलं.
बाहेर काहीच नव्हतं, सायकल स्टँडचा पत्रा तेवढा.

मी घाईने पुढचा प्रश्न काढला.
संत्रं आणि केळं, दोन्हींत सारखं काय?

त्या हसल्या.
"फळं. दोन गुण.
सालं असतात, एक गुण.
एक पोरगं होतं, चौथीतलं,
तेराचा पाढा येत नाही म्हणून शाळेने धाडलेलं.
म्हणे, दोन्हीची सालं आमची शेळी खाते."

पेन थांबलं.

"शून्य दिलं मी. द्यावंच लागते.
त्याच्या मायनं विचारलं, कमी आहे का हो हा?
मी आकडा सांगितला.
बरोबर आलेली उत्तरं सारी विसरली मी,
पोरंही विसरली.
शून्य दिलेली तेवढी आठवतात."

तो आकडा मला कधीच कळला नाही.
आईने घड्या घालून तो कागद कुठे ठेवला,
की बर्डीवरून परत येताना बसमध्येच सोडून दिला,
तिलाच ठाऊक, आणि ती गेली.
शेळीचं नाव मैना होतं.
हे मी त्यांना सांगितलं नाही. तपासणाऱ्याने बोलायचं नसतं,
तेही पुस्तकात आहे.

रकाना कोराच ठेवून मी म्हणालो, झालं मॅडम.
"झालं?" म्हणाल्या. "मग पास का?"
हे वाक्य प्रत्येक पोर म्हणतं.
मीही म्हणालो असणार.

मुलीने हात धरला, जिना उतरायला लागल्या,
एका सेकंदाला एक पायरी,
शेवटच्या पायरीवरही आवाज न पाडता.

कूलर सुरू करायचं मी विसरलो.
टेबलावर स्टॉपवॉच चालूच होतं.