आठ घरं

अंतानानारिव्होत जुलै म्हणजे थंडी.
विद्यापीठाच्या तळघरात व्होआहांगी
करपल्या भाताचं पाणी फुंकत पिते
आणि यंत्रात कोण कोण आलंय ते बघते.

रझाफिमालॅब३.

असा कुणी माणूस नाही.
नावाला घरं आठ, तिचं आडनाव रोमनमध्ये चौदा अक्षरी.
आठही भरली, शेवटच्या शून्याला टेकायला जागा नाही,
आणि वाचणारा, कुणी थांब म्हणेना म्हणून,
चपलांसकट शेजारच्या रकान्यात.

तोकी चार अक्षरांत मावतो,
उरलेल्या चार घरांत शून्यं घोरत पडलेली.
अशा तोकींमुळेच वीस वर्षं
कुणाला पत्ता नाही.

अंथरूण पाहून पाय पसरावे, खरंय.
पण अंथरूण दुसऱ्यानेच कापलेलं असलं तर?

जुन्या नोंदीला ती हात लावत नाही.
वाचणाऱ्यालाच मोजायला शिकवते:
शून्य भेटलं तर थांब,
नाही भेटलं तरी आठाला थांब.
उतरवून घेताना नऊ घरं घे,
नववं कुणालाही देऊ नकोस.

रझाफिमा. मग मोकळी जागा. मग लॅब३.

दाराशी पहारेकऱ्याच्या वहीत ती सही करते, पूर्ण,
वेळेच्या रकान्यात पार घुसलेली.
तो काही बोलत नाही,
वेळ जरा खाली लिहितो.